तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात मोबाइलचा नकाशा पुरतो का?

फोन असताना कागदी नकाशा कशाला, असं कोकणात गाडी घेऊन निघणारे हमखास विचारतात. आमचं म्हणणं असं: मार्ग ठरवायला कागद, वळणं सांगायला फोन.

याला कारण खाड्या. गुहागरहून दापोलीला जायचं तर मध्ये दाभोळची खाडी. धोपावे-दाभोळ फेरीबोट मिळाली तर काही मिनिटांत पलीकडे, नाहीतर चिपळूण-खेडवरून भलामोठा वळसा. फोनमध्ये ‘फेरी टाळा’ चालू राहिलं असेल तर तो न सांगता वळसाच दाखवतो. बंद असेल तर शेवटची बोट सुटून गेल्यावरही निवांत धक्क्यावर नेऊन सोडतो. म्हणून दोन्ही प्रकारे मार्ग काढून पाहा आणि बोटीची वेळ आधी विचारून ठेवा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, तवसाळ-जयगड, सगळीकडे हाच प्रकार. कागदावर खाडी आत कुठवर शिरलीय आणि पहिला पूल कुठे आहे, हे एका नजरेत कळतं.

मग नावांचा घोळ. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, पण श्रीवर्धन तालुक्यातही एक वेळास आहे आणि दोघांच्या मध्ये सावित्रीची खाडी! पाली रायगडातही आहे, रत्नागिरीतही. गावाबरोबर तालुका टाका, किंवा यजमानांकडून अक्षांश-रेखांश मागवा. दशांशानंतर चार आकडे असले की साधारण 11 मीटरपर्यंत अचूक जागा मिळते.

वाडीत शिरताना मात्र अक्षांशही कामाला येत नाहीत. फोनवरची बारीक रेघ कधी पाखाडी, म्हणजे पायवाट, निघते: दोन्ही बाजूंना गडगा (दगडी कुंपण), पुढे जांभ्याच्या पायऱ्या, गाडी वळवायला जागा नाही. कधी वहाळावर (ओढ्यावर) नुसता साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, असतो. डांबर संपलं की उतरून पाहायचं.

रेंज गेली तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहांकडून येतं. अडतो तो नकाशा. म्हणून घरच्या वायफायवर पूर्ण जिल्हा उतरवून घ्या, विमान मोड लावून एकदा तपासा. रेंज नसताना फोन नव्याने सुरू केला तर जागा सापडायला वेळ लागतो. मोकळ्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) थांबलं की लवकर सापडते. काचेखाली उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो, हे वेगळंच.

कागदात भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 नकाशा चांगला तपशीलवार, 2 सेंमी म्हणजे 1 किमी. वळणांवरून दोरा फिरवून अंतर मोजा. नुसत्या गाडीच्या प्रवासाला जिल्ह्याचा रस्ते-नकाशा पुरे. जुन्या नकाशावरचा महामार्ग 17 म्हणजेच आजचा 66.

पावसाळ्यात दरडीची खबर कागदावर नसतेच, फोनवरही उशिरा येते. करूळ घाट चढण्याआधी वैभववाडीत एवढंच विचारा: वरून एसटी उतरली का?