मते खाल्ली कोणी?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे काँग्रेसच्या अभय पाटलांपेक्षा सुमारे 40 हजार मतांनी पुढे राहिले आणि वंचितचे प्रकाश आंबेडकर पावणेतीन लाख मते घेऊन तिसरे आले. तेव्हापासून आमच्या अकोट तालुक्यातल्या पानठेल्यांवर ‘वंचितने मते खाल्ली’ ही तक्रार संपलेली नाही. वंचितचे कार्यकर्ते तीच तक्रार काँग्रेसबद्दल करतात.

अमेरिकेतील पुरोगामी हाच वाद 2000 पासून घालत आहेत. त्या वर्षी फ्लोरिडात जॉर्ज बुश अल गोर यांच्यापेक्षा अवघ्या 537 मतांनी सरस ठरले, तर ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे 97 हजारांहून अधिक मते मिळाली होती. ज्याला सर्वाधिक मते त्यालाच राज्याचे सर्व निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी), या नियमामुळे त्या एका राज्याने राष्ट्राध्यक्ष ठरवला. 2016 मध्ये मिशिगनात ट्रम्प यांची हिलरी क्लिंटन यांच्यावरची आघाडी 10,704 मतांची होती आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मते 51 हजारांवर होती.

नेडर नसते तर त्यांचे बरेच मतदार घरीच बसले असते, हा त्यांच्या समर्थकांचा युक्तिवाद मिशिगनच्या बाबतीत स्टाइन यांच्यासाठी एक वेळ चालेल. पण फरक जेव्हा 537 चा असतो, तेव्हा 97 हजारांतून तेवढे गोरकडे वळलेच नसते असे म्हणणे मला तरी पटत नाही. अकोल्याचे प्रकरण मात्र वेगळे आहे. आंबेडकर 1998 आणि 1999 मध्ये इथूनच खासदार झाले होते. 1998 मध्ये तर काँग्रेसशी समझोता करून महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते लोकसभेत गेले आणि त्यांतले अकोला, अमरावती, चिमूर हे तीन मतदारसंघ विदर्भातले होते. ज्याची स्वतःची एवढी मते आहेत, त्याने दुसऱ्याची खाल्ली असे कसे म्हणता येईल? इथे फिसकटले ते जागावाटप.

आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हा आरोप होत नाही, कारण तिथे खासदार-आमदार पसंतीक्रम लिहितात. 1969 मध्ये गिरी, संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख असे तीन प्रमुख उमेदवार होते. पहिल्या फेरीत कोणालाच कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारी मते, गाठता आला नाही, तेव्हा देशमुखांसह मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि गिरी निवडून आले. अमेरिकेत मेन राज्याने 2020 पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात हीच सोय दिली आहे.

मी माध्यमिक शिक्षक असल्याने विधान परिषदेच्या अमरावती शिक्षक मतदारसंघात जांभळ्या स्केचपेनने 1, 2, 3 लिहितो. 2020 मध्ये तिथे किरण सरनाईक हे अपक्ष निवडून आले, पण त्यासाठी उमेदवार एकेक करून बाद होत मोजणी बरीच लांबली. लोकसभेच्या लाखो मतांना ही पद्धत लावायची तर यंत्र बदलावे लागेल आणि निकालाला आणखी एखादा दिवस लागेल, ही अडचण मला मान्य आहे. पण आमच्याकडे 2024 चा निकाल पानठेल्यावर अजून मोजणे चालूच आहे.