‘तोम यम गूंग’: मारामारीच्या शौकिनांसाठी

आज ‘तोम यम गूंग’ (2005) हा थाई चित्रपट पुन्हा पाहिला. टोनी जा याच्या आधीच्या ‘ओंग बाक’वर थांबलेल्यांनी हा लगेच लावा. दिग्दर्शक प्राच्या पिंकाएव, मारामारी पन्ना रित्तिक्राय यांनी बसवलेली, नायक टोनी जा. कथा एवढीच: चोरलेले हत्ती परत आणायला गडी सिडनीला जातो. संवादांकडे फार लक्ष देऊ नका, ते यथातथाच आहेत.

खरी चीज म्हणजे हॉटेलच्या जिन्यावरचा सुमारे 4 मिनिटांचा सलग शॉट. कट नाही. स्टेडीकॅम (अंगावर बांधलेला, चालताना न हिंदकळणारा कॅमेरा) जा याच्या मागोमाग मजले चढतो. 35 मिमी फिल्मचं 400 फुटांचं रीळ सेकंदाला 24 फ्रेमने साडेचार मिनिटांच्या आतच संपतं, म्हणजे लांबवायला जागाच नव्हती. शेवटी कोणी उशिरा पडला, की पहिल्या पायरीपासून सगळं परत, मोडलेलं सामान नव्याने मांडून. वरच्या मजल्यांवर जा याची दमछाक दिसते ती खरी.

दुसऱ्यांदा बघताना कोपर आणि गुडघ्यांवर नजर ठेवा. शेवटाकडे ठोसे मागे पडतात आणि हातपाय पिरगाळून सांधे मोडणं सुरू होतं. पकड हत्तीच्या सोंडेसारखी, ती शैली या चित्रपटासाठीच रचली.

एक सावधगिरी: अमेरिकी आवृत्ती ‘द प्रोटेक्टर’ बरीच कापलेली आहे, संगीतही बदललंय. साधारण 110 मिनिटांची थाई प्रतच शोधा, सबटायटल्ससकट. डब केलेली तर नकोच.