खांबावरचा तेलाचा थर

व्यायामपरंपरेच्या दालनासाठी, मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांवरचा फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. संग्रहालयातला फलक म्हणजे साठ-सत्तर शब्दांचा मजकूर. उभ्याने वाचणारा माणूस त्यापुढे जात नाही. त्यातले साल चुकले, तर सहलीला आलेली मुले पुढची कित्येक वर्षे तेच वहीत उतरवून नेतात. म्हणून प्रत्येक वाक्यामागचा आधार मी हट्टाने शोधते.

दादांच्या बाबतीत आधार आहेत ते बहुतेक आठवणींचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, तेथे मारुतीने लाकडी खांबावर त्यांना पेच दाखवले आणि अलीचा पराभव झाला, अशी कथा सगळीकडे सांगितली जाते. आमच्या समितीला फलकावर एवढेच हवे होते. वास्तविक मल्लस्तंभाचा, म्हणजे मल्लखांबाचा, उल्लेख बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. दादांनी मागे पडलेली विद्या पुन्हा उभी केली, आणि माझ्या मते हे काम दृष्टान्ताहून मोठे आहे. 1818 साली पेशवाई गेली, बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास गेला, त्याच्यामागून दादाही गेले. पुढे कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे यांच्यासारख्या शिष्यांमुळे ही विद्या काशीच्या आखाड्यांत रुजली. फलकावर शिष्यांची नावे हवीत, असा माझा आग्रह होता. 'नावांच्या यादीत कोणाला रस असतो?' असे मला ऐकवण्यात आले.

त्याच सुमारास एका बंद पडलेल्या तालमीचा सागवानी मल्लखांब दालनासाठी मिळाला. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला, त्यावर बारीक मान आणि टोकाला बोंड. वर्षानुवर्षे एरंडेल चोळल्याने तो काळपट झाला होता आणि त्यावर धुळीचे पुट बसले होते. दालनाची सजावट करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने पॉलिश पेपर काढलाही होता. खांब तासून वर चकचकीत लाखेचा हात द्यायचा, असे परस्पर ठरले होते. वस्तू नवी दिसली की जतन झाले, हा समज आपल्याकडे अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलेला आहे, आणि त्यापायी किती जुनी लाकडे खरवडली गेली याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

मी काम थांबवले आणि मल्लखांब शिकवण्यात हयात गेलेल्या एका वस्तादांना बोलावले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, खांबाला हात लावून नमस्कार केला आणि डोळे मिटून तळवा वरून खाली फिरवला. मानेच्या खाली, साधारण दीड हाताच्या पट्ट्यात लाकूड काचेसारखे गुळगुळीत होते. त्याच्या खाली ते खरखरीत होत गेले होते. 'ताई, अढी इथेच बसते,' ते म्हणाले. खाली डोके, वर पाय. मांड्यांत आणि पावलांत खांब आवळून हात मोकळे सोडायचे, हे त्यांनी जमिनीवर पडून मला दाखवले. मग त्यांनी आपल्या गुरूंचे, त्यांच्या गुरूंचे असे एकेक नाव घेतले आणि दामोदरगुरूंच्या नावाशी ते थांबले. हा सगळा क्रम त्यांना तोंडपाठ होता.

कागदावर तो क्रम कोठेही सापडत नाही, हे खरे आहे, आणि आमच्या नियमांनुसार तोंडी परंपरेला फलकावर जागा नाही. परंतु अलीशी झालेल्या कुस्तीची कथाही तोंडीच आलेली आहे आणि तिला कोणी हरकत घेतली नाही. चमत्काराला मुभा आणि शिकवणाऱ्यांच्या नावांना मात्र पुरावा, हा न्याय मला अजून पटलेला नाही.

खांब तासला गेला नाही. फक्त वरची सुटी धूळ मऊ कुंचल्याने काढली, आणि नोंदवहीत तेलाचा थर वापराची खूण म्हणून नोंदवला. फलकाचा दुसरा मसुदा, कोंडभटनाना आणि दामोदरगुरूंच्या नावांसह, मी समितीकडे पाठवला आहे. वस्तादांकडून ऐकलेला पुढचा गुरुक्रम त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावा, अशी टिप्पणी त्याला जोडली आहे. त्यावर अजून सही झालेली नाही.