गाडी विलवड्याला का थांबते?

गणपतीला आलेला चाकरमानी पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आत विचारतो, "तुमच्या विलवड्याला गाडी एवढा वेळ का काढते हो? ना कोणी चढत, ना उतरत." लांजा तालुक्यातलं हे स्टेशन आमचं, म्हणून प्रश्नही आमच्याच वाट्याला येतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

गाडी थांबते ती समोरून येणाऱ्या गाडीसाठी. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा मार्ग 741 किलोमीटरचा. त्यातला रोहा ते वीर हा साधारण 47 किलोमीटरचा भाग 2021 मध्ये दुहेरी झाला. खाली आमच्याकडे अजून एकेरीच लाइन आहे. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडायचं तर एकीने स्टेशनातल्या जादा लाइनीवर, म्हणजे लूपवर, जाऊन उभं राहायचं. यालाच क्रॉसिंग म्हणतात, आणि विलवडे आहे ते मुळात त्यासाठी.

उभ्या गाडीतल्या माणसाला वाटतं, समोरची गेली की आपली सुटेल. तसं होत नाही. समोरची गाडी पूर्ण आत आली का, हे आधी पाहावं लागतं. शेवटच्या डब्यामागे जी मोठी फुली रंगवलेली असते, ती त्यासाठीच: फुली दिसली म्हणजे मागे वाटेत एकही डबा राहिलेला नाही. मग स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, घेतो, रूळ बदलणारे सांधे फिरतात, सिग्नल पडतो, आणि तेव्हा कुठे गाडी हलते. पुढच्या टप्प्यात आधीच एखादी गाडी असेल तर ती बाहेर पडेपर्यंत थांबणं आलंच. राजधानी मागून येत असली तर मालगाडीला बाजूला ठेवून तिला आधी सोडतात. पावसाळ्यात वेग उतरवलेले असतात, वेळापत्रकही वेगळं असतं, आणि गणपतीत जादा गाड्यांची भर. सगळा ताण या लूपांवर येतो. आडवली आणि विलवडे यांच्या मधे वेरवली स्टेशन नंतर घातलं ते याचसाठी. टप्पा लहान झाला की गाड्यांचं खोळंबणं कमी होतं.

दुसरा प्रश्न ठरलेला: स्टेशन बाजारपेठेपासून इतकं लांब का बांधलं? सह्याद्रीच्या सोंडा कापत, बोगदे आणि पूल करत नेलेल्या या मार्गाचा चढ 150 फुटांमागे 1 फुटापेक्षा जास्त ठेवलेला नाही. स्टेशनात तर 400 फुटांमागे 1 फूट एवढाच चालतो, नाहीतर सोडलेला डबा आपोआप घरंगळेल. लांबच लांब गाडी मावेल एवढी सपाट आणि सरळ जागा कोकणात बाजाराच्या तोंडाशी कुठून मिळणार? जिथे मिळाली तिथे स्टेशन झालं.

26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला. त्याआधी मुंबई म्हणजे रात्रभराची एसटी. आता सावंतवाडी–दिवा गाडी विलवड्याला थांबते आणि आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं तिच्या भरवशावर जातात-येतात. बाकीच्या कित्येक गाड्या धडधडत निघून जातात. त्या जाताना मास्तर हिरवा झेंडा घेऊन बाहेर उभा असतो. पुष्कळांना तो नुसता रिवाज वाटतो. खरं तर तो धावत्या गाडीवर डोळा ठेवून असतो: एखाद्या चाकातून धूर येतोय का, खाली काही लोंबतंय का. चुकीचं दिसलं तर लाल झेंडा. एक तिकीटही न विकलेल्या रात्री हा माणूस जागा असतो, याचा मला मनापासून आदर वाटतो.

माझं एक मागणं मात्र आहे. क्रॉसिंग रोज एकाच जागी होईलच असं नाही, म्हणून त्या थांब्याचं तिकीट देता येत नाही, हे मला पटतं. पण जी गाडी वेळापत्रकातच इथे क्रॉसिंगला धरलेली असते, तिला अधिकृत थांबा द्यायला काय हरकत आहे? ती उभी राहणारच असते. तेवढ्या वेळात एखादी म्हातारी रत्नागिरीच्या दवाखान्याला जायला चढेल, एखादा पोर कॉलेजहून येऊन उतरेल. दुहेरी लाइन व्हायची तर एवढ्या बोगद्यांना जोड बोगदे खणावे लागतील, आणि ते काही उद्या होत नाही. थांब्याचा निर्णय त्याआधी होऊ शकतो.