क्रॉसबो आणि त्यातला तो सुपारीएवढा नट

जुन्या युरोपियन क्रॉसबोचा, म्हणजे लाकडी दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याचा, विषय निघाला की सगळे त्या पोलादी धनुष्याचं कौतुक करतात, माझा जीव मात्र आतल्या नटवर जडलाय. नट म्हणजे आपला पान्याने फिरवायचा नट नव्हे हं! हरणाच्या शिंगातून कोरलेला छोटासा रूळ, सुपारीपेक्षा जरा मोठा.

लाकडी दांड्यात त्याच्या मापाची गोल खोबण असते, तो तिथे बसतो आणि जागच्या जागी फिरतो. आरपार भोक पाडून त्यातून दोरा ओवतात आणि दांड्याला गुंडाळतात, म्हणजे उडून जायला नको. नटच्या वरच्या बाजूला बोटांसारखी दोन टोकं, ताणलेली दोरी त्यांच्यामागे अडकते आणि बोटांच्या मधल्या फटीतून बाणाचं बूड दोरीला टेकतं. नटच्या खाली एक खाच, त्यात ट्रिगरचं टोक. आणि ट्रिगर म्हणजे काय तर दांड्याखालची लांबलचक लोखंडी दांडी, ती मुठीने वर आवळली की पुढचं टोक खाली सरकतं, खाच मोकळी होते, नट गर्रकन पुढे फिरतो आणि दोरी सुटते. एवढंच!

म्हटलं करून बघू. लाकडाचा नट कोरला, बांबूची पट्टी बांधली, पहिले वीसेक वेळा झकास चाललं, मग एकदा ट्रिगरला हात न लावताच फाडकन सुटलं. बाण लावला नव्हता म्हणून वाचलो. बघतो तर खाचेची कड तुटलेली. लाकूड रेषेत फुटतं, शिंग तसं फुटत नाही, आणि तरीही जुने कारागीर शिंगाच्या नटमध्ये नेमकं त्याच जागी लोखंडाची पाचर ठोकायचे. ती कशासाठी ते तेव्हा कळलं.

दोरी ताणायची म्हणजे आणखी वेगळं प्रकरण. आधी सोपं होतं, टोकाच्या रिकिबीत पाय घालायचा, कमरेच्या पट्ट्याच्या आकड्यात दोरी अडकवायची आणि उभं राहायचं. पोलादी धनुष्य आलं तसं हे जमेना, मग तरफ आली, कप्प्यांचा रहाट आला, दातेरी पट्टी आणि हँडलवालं यंत्र आलं, ज्याने माणूस एका हाताने शेकडो किलोचा ताण ओढू शकायचा, फक्त सावकाश.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर राल्फ पेन-गॉलवी या इंग्रज शिकाऱ्याने पंधराव्या शतकातला एक क्रॉसबो घेऊन वेल्समधली मेनाय सामुद्रधुनी पार करून बाण मारले, ४०० मीटरच्या आसपास. त्याचा ताण १२०० पौंड, म्हणजे ५४० किलोच्या वर! ऐकायला जबरदस्त, पण दोरी जेमतेम ७ इंच मागे यायची, मग बाणाला धक्का मिळणार तेवढ्याच अंतरात, आणि जड पोलादी धनुष्य स्वतःलाच पुढे ढकलण्यात बराच जोर खाणार. इंग्रजांचं साधं लांब धनुष्य ताणाने कितीतरी हलकं, पण दोरी त्याच्या चौपट मागे यायची. शिवाय भरायला वेळ लागत नाही. १३४६ ला फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईत, फ्रेंचांच्या बाजूने इंग्रजांशी लढणाऱ्या इटलीतल्या जिनोआच्या क्रॉसबोवाल्यांना हेच नडलं, त्यात त्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिलेल्या.

असो. माझ्या नटच्या खाचेत आता मोडक्या कानशीचा तुकडा बसवलाय, कड टिकलीये. आता खोबणीतला दोरा झिजायला लागलाय.