हळदीकुंकवातली किल्ली: लघुपटाचा पुढचा टप्पा

आमच्या लघुपटातला, जिन्याच्या माथ्यावरून निघून खाली उभ्या मुलीच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत येणारा शॉट आता मनासारखा मिळाला आहे. त्याची मांडणी सविस्तर लिहितो, कारण रहस्यपटात कॅमेरा नेमकं काय काम करतो, हे मला या एका शॉटने सगळ्यात जास्त शिकवलं.

आमचा शॉट ज्यावरून घेतला तो मूळ शॉट कुठला, हे बहुतेकांनी ओळखलं असेल. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या 'नटोरियस'मध्ये (१९४६, छायाचित्रण टेड टेट्झलाफ) मेजवानीच्या प्रसंगात कॅमेरा उंचावरून सगळा दिवाणखाना दाखवतो, मग सलग खाली उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या हातातल्या किल्लीवर येऊन थांबतो. तळघरातल्या दारूच्या कोठाराची ही किल्ली तिने नवऱ्याच्या नकळत काढलेली आहे. इतक्या पाहुण्यांत ती कुणाच्या लक्षात येत नाही, आपल्याला मात्र दिसते. पुढे शॅम्पेन संपत येते. ती संपली की नवरा कोठाराकडे जाणार, म्हणून आपण बाटल्यांकडेही धसक्याने पाहू लागतो.

सावल्या, तिरक्या फ्रेम, काळोख हे सगळं नंतरचं. कुणाला काय दिसू द्यायचं आणि कधी, हे आधी ठरवायचं. मी आता शॉटची यादी करताना प्रत्येक शॉटसमोर दोन रकाने ठेवतो: पात्राला काय माहीत आहे आणि प्रेक्षकाला काय. दोन्हीकडे तेच लिहिलं गेलं, तर तो शॉट बहुधा काढून टाकता येतो.

आमची कथा वाईच्या एका जुन्या घरात घडते. प्रसंग संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. भाडेकरू मुलीने मालकीणबाईंच्या जुडग्यातून कपाटाची किल्ली काढली आहे, आणि जादा वाणं नेमकी त्याच कपाटात आहेत. ताटातली वाणं कमी होत जातात, बायका येतच राहतात. म्हणून ताटाचे तीन शॉट घेतले, तिन्ही एकाच जागेवरून, त्याच उंचीवरून. फ्रेम बदलली नाही की रिकामी होत जाणारी जागा लगेच डोळ्यांत भरते. मध्ये कुणाचा चेहरा दाखवायची गरजच पडत नाही.

आता उतरता शॉट. क्रेन नाही, त्यामुळे गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) हातात धरून जिना उतरायचा. लेन्स २४ मि.मी. घेतली: वरून सगळं माजघर मावतं आणि जवळ गेल्यावर किल्ली फ्रेमभर होते. मात्र लेन्स किती जवळचं फोकस करू शकते, ते आधी तपासा. ऑटोफोकस बंद. गर्दीत तो एखाद्या नथीवर नाहीतर समईवर जाऊन बसतो. फोकस मित्राने सांभाळला; दुरून फोकस फिरवायच्या वायरलेस रिंगवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, एक वरच्या पायरीची, एक जिन्याच्या मध्याची, एक मुठीची. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) ५.६ ठेवल्यामुळे थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं. शेवटच्या पावलाला कॅमेऱ्याची सावली हातावर पडते. त्यासाठी खांबाआड एक छोटा दिवा ठेवून हातावर बाजूने उजेड सोडला. किल्ली पितळी निवडली ती त्याच उजेडासाठी. शटर १/५० सेकंद आणि सेकंदाला २५ फ्रेम, नाहीतर घरातले दिवे फडफडताना दिसतात.

लेन्सबद्दल एक गोष्ट वारंवार विचारली जाते, म्हणून लिहितो. 'सायको' (१९६०) बहुतांशी ५० मि.मी. लेन्सवर चित्रित झाला, हे वाचून बरेच जण ए.पी.एस.-सी कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर फोटोच्या ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो) हिशेब करून ३५ मि.मी. लावतात. पण तो ५० चा आकडा सिनेमाच्या ३५ मि.मी. फिल्मवरचा आहे आणि ए.पी.एस.-सी सेन्सर त्या चौकटीच्या बराच जवळचा असतो. तेव्हा ती दृष्टी हवी असेल तर सरळ ५० च लावा.

दुसरा प्रयोग अजून कथेत बसलेला नाही, पण करून पाहण्यासारखा आहे. 'सस्पिशन'मध्ये (१९४१) कॅरी ग्रांट अंधाऱ्या जिन्यावरून दुधाचा पेला घेऊन वर येतो, आणि नजर त्या दुधावरून हलू नये म्हणून हिचकॉकने पेल्यातच दिवा ठेवला होता. मी फुलदाणीत ठेवतात तो पाण्यात चालणारा छोटा एलईडी वापरला. दाट दुधात उजेड अडतो. पाणी घालून पातळ केलं की पेला सगळीकडून उजळतो. पेला तळाशी धरायचा आणि बाकीचा जिना दोन स्टॉप खाली, म्हणजे एक चतुर्थांश उजेडात, ठेवायचा. मोबाइलवर करणार असाल तर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर मोबाइल अंधार उजळून सगळी मजा घालवतो.

अंधाराचा अभ्यास आपल्याकडच्या चित्रपटांतून करायचा, तर कमाल अमरोहींचा 'महल' (१९४९) आवाज बंद करून पाहा. छायाचित्रण बॉम्बे टॉकीजचे जर्मन छायाचित्रणकार जोसेफ वीर्शिंग यांचं. उजेड कुठे संपतो, तिकडे लक्ष ठेवा.

आता मालकीणबाई कपाटाकडे निघतात तो शॉट राहिला आहे. कॅमेरा मुलीजवळ ठेवून त्यांना पाठमोरं जाताना दाखवायचं, की कपाटाशी आधीच थांबून त्यांना समोरून येऊ द्यायचं? माझा कल पहिल्याकडे आहे, कारण मुलीसारखंच आपल्यालाही त्यांचा चेहरा दिसणार नाही. दोन्ही घेऊन संकलनात लावून पाहणार आहे.