बी-२७५ ट्रॅक्टरला पाण्याच्या बाटलीची जागा, एकही नवं भोक न पाडता

२ एप्रिल

वरच्या तुकड्यात नांगरट चालू होती. बांधापाशी वळताना सीटमागं खोचलेली स्टीलची बाटली निसटली, फूटप्लेटवर घरंगळली आणि नेमकी ब्रेकच्या पेडलखाली जाऊन आडवी अडकली. मी पाय दाबतोय आणि पेडल अर्ध्यातच थांबतंय. क्लच दाबला. नांगर अजून पुरता उचललेला नव्हता, म्हणून ट्रॅक्टर हातभर पुढं सरकून थांबला. तिथून विहीर तीस पावलांवर आहे.

घरी आल्यावर आण्णांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बाटलीला जागा कर आधी. मगच रानात जा."

म्हणून हे काम हाती घेतलं. ज्यांच्याकडं जुना ट्रॅक्टर चालता आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून मापांसकट लिहून ठेवतोय.

आमचा ट्रॅक्टर १९७४ चा, आजोबांनी घेतलेला. डिझाइन मूळचं इंग्लंडातल्या डॉनकास्टर इथल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं. आपल्याकडं १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली आणि कांदिवलीला हेच मॉडेल बनू लागलं. चार सिलिंडर, १४४ घनइंचांचं इंजिन. हे सांगायचं कारण पुढं बोल्टच्या ठिकाणी येईल.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवली: मडगार्डला, डॅशला, कुठंही ड्रिल लावायचं नाही. पन्नास वर्षांच्या पत्र्याला भोक पाडलं की तिथून गंज सुरू होतो, आणि ते भोक कधीच परत बुजत नाही. उद्या कुणी हा ट्रॅक्टर मूळ रूपात आणायचा म्हटला तर माझी जोडणी दोन पान्यांनी उतरली पाहिजे.

६ एप्रिल

आज फक्त जागा शोधली. सुतळीनं बाटली बांधून चार ठिकाणी चालवून पाहिली.

डॅशच्या बाजूला हात सहज पोचतो, पण फॅन रेडिएटरमधून ओढलेली गरम हवा इंजिनावरून मागं चालकाकडं फेकतो. तासाभरात पाणी अंघोळीला काढल्यासारखं झालं. ती जागा बाद. डाव्या मडगार्डवर सावली बरी होती, पण चढायची बाजू तीच. आण्णा चढताना मडगार्डाच्या कडेला धरूनच वर येतात, त्यांचा हात बाटलीवर पडला. तीही बाद. सीटखाली धूळ, आणि वाकावं लागतं.

राहिलं उजवं मडगार्ड. तिथं मागच्या लाइटच्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट आहेत, हात लांबवला की लागेल अशा अंतरावर. नांगर उचलायचा हायड्रॉलिकचा दांडा पूर्ण वर-खाली करून पाहिला. कोपर आणि बाटली यांत चार बोटं अंतर राहतं.

१३ एप्रिल

बोल्टांनी अख्खी सकाळ खाल्ली. १४ चा पाना बसेना, १५ चा ढिला. मग लक्षात आलं, डिझाइन इंग्लंडचं म्हणजे आटे इंची. बोल्ट ३/८ चा, बारीक आट्यांचा, इंचाला २४ आटे. त्याच्या डोक्याला ९/१६ चा पाना लागतो. हार्डवेअरच्या दुकानात सवयीनं दहा एमएमचा बोल्ट हातात देतात. तो सुरुवातीलाच अडतो. तिथंच थांबा. आमच्या एका बोल्टाच्या जागी पूर्वी कुणीतरी दहाचा बोल्ट दामटून घातला होता, नटाचे आटे पार गेलेले. तो नट काढून आरपार बोल्ट घातला आणि मागून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहजी ढिला न होणारा) लावला. ३/८ चे बोल्ट तालुक्याला जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात मिळाले. जास्तीचे सहा घेऊन ठेवलेत.

दुपारी होल्डर बनवला. बाटली लिटरची, व्यास ८० मिमी. वीस बाय तीन मिमीची लोखंडी पट्टी घेतली. तीन इंची जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी असतो, त्यामुळं तोच साचा म्हणून व्हाइसमध्ये धरला. पट्टी २९० मिमी कापून त्याभोवती ठोकत वळवली, टोकं जुळवून वेल्डिंगचे टाके मारले. अशा दोन कड्या, एकमेकींपासून ८० मिमी अंतरावर, तीन उभ्या पट्ट्यांनी जोडल्या. बाटली आणि कडी यांत सगळीकडून साडेचार मिमी जागा उरते. तिथं मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन थर चिकटवले. बाटली आत सरकवली की किंचित चिकटून बसते, खडखडत नाही.

तळ मुद्दाम बंद केला नाही, नुसत्या दोन पट्ट्यांचा क्रॉस ठेवला. बंद तळात धूळ साठते, बाटलीवरून ओघळलेलं पाणी त्यात मिसळतं आणि दोन दिवसांत चिखलाची वडी तयार होते.

१६ एप्रिल

होल्डर मोडला.

सहा तास चालवल्यावर वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसली, बोटानं दाबली तर होल्डर बोल्टाला जोडणारी दांडी हलली. बाटली पडण्याआधी दिसली हे नशीब.

चूक माझ्या मापात होती. होल्डर हाताशी यावा म्हणून बोल्टापासून १५० मिमी लांब दांडी काढली होती. भरलेली बाटली आणि लोखंड मिळून दोन किलोच्या आसपास वजन त्या टोकाला लटकत होतं. संध्याकाळी उभ्या ट्रॅक्टरवर रेस हळूहळू वाढवत बाटलीकडं बघत बसलो. मंद रेसला बाटली नुसती थरथरते. रेस थोडी वाढवली की एका ठिकाणी ती वेड्यासारखी नाचते, झाकणाची कडा दिसेनाशी होते. आणखी वाढवली की परत शांत. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं; १००० फेऱ्यांना सेकंदाला तेहतीसेक ठोके झाले. माझ्या लांब दांडीचा स्वतःचा झोका नेमका तिथंच कुठंतरी जुळत होता, आणि सहा तासांतला बराचसा वेळ मी त्याच रेसवर फणपाळी घातली होती.

२० एप्रिल

दांडी ६० मिमीवर आणली. कोपऱ्यात तिकोनी पट्टीचा आधार दिला. बोल्ट आणि ब्रॅकेटच्या मध्ये मोटारसायकलच्या शॉकअपचे दोन रबरी बुश घातले, त्यामुळं लोखंड लोखंडाला थेट भिडत नाही. बुश असले की बोल्ट जीव खाऊन आवळायचा नाही. रबर किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. बाकी काम नायलॉक नट करतो.

हात पोचायला आता थोडं मागं वळावं लागतं, पण चालत्या ट्रॅक्टरवर बाटली काढायचीच नाही असं ठरवलंय. नांगराच्या तासाच्या शेवटी, बांधापाशी थांबायचं, न्यूट्रल करायचं, मग प्यायचं.

पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी बाटलीऐवजी स्टीलच्या पेल्यात ताक काठोकाठ भरून ठेवलं. मंद रेसपासून पूर्ण रेसपर्यंत ताकावर बारीक वर्तुळं उठतात, मधोमध येऊन विरतात. सांडलं एकदाच, अगदी मंद रेसला, तेही पळीभर.

ढेकळांतून जाताना बाटली उडू नये म्हणून ट्यूबचीच बोटभर रुंद पट्टी कापून मानेवरून आडवी घेतली आणि टोकाला तारेची आकडी केली. एका हातानं निघते.

रंग काळा दिला, खाली रेड ऑक्साइडचा एक हात. ट्रॅक्टरच्या लाल रंगाशी मिळवायचा नव्हता. हा भाग नंतर बसवलाय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

११ मे

बावीस तास झाले. यात रोटाव्हेटरचे नऊ. चीर कुठंही नाही. वेल्डिंगवर खडू घासून, पुसून पाहिलं. चीर असती तर खडू तिच्यात बसून पांढरी रेघ राहिली असती. वरच्या कडीतला ट्यूबचा एक थर उन्हानं सुटलाय, तो या रविवारी सोल्यूशन लावून परत चिकटवतो. बुश शाबूत आहेत.

काल आण्णा दोन तास खालच्या तुकड्यात होते. परत आले तेव्हा बाटली रिकामी होती आणि पट्टीची आकडी नीट अडकवलेली होती. बुशाकडं बोट दाखवून म्हणाले, "डाव्या बाजूलापण असला एक कर. डिझेलच्या फडक्याला."

डाव्या मडगार्डवरही तसेच दोन बोल्ट आहेत. चढताना हात पडतो त्याच्या वीतभर मागं. उद्या माप घेतो.